दिवसाढवळ्या पडदे ओढलेले कलादालन

आज नाशिकबाहेरच्या एका नव्या कलादालनात तांब्या-पितळेच्या जुन्या भांड्यांचे प्रदर्शन पाहिले आणि डोके उठले. बाहेर पावसाने धुतलेले डोंगर उभे होते; आत मात्र काचेच्या भिंतीतून ऊन येते म्हणून सगळे पडदे ओढलेले होते आणि डोक्यावर पांढरे दिवे जळत होते. घंगाळावरचे हातोडीच्या ठोक्यांचे मठारकाम पाहायला वाकलो, तर कपाटाच्या काचेत माझाच चेहरा दिसला.

आत्याला घेऊन साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालयात गेलो होतो, ते आठवले. बराच वेळ फिरून झाल्यावर तिने विचारले, "अरे, संग्रहालय सुरू कुठून होते?" आम्ही केव्हाचे आतच होतो! वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची ही 1963ची वास्तू म्हणजे सहा-सहा मीटरचे चौक, विटांचे खांब आणि कौलारू छपरे. काही चौक भिंतींनी बंद, काही नुसतेच मोकळे, आणि मध्ये पाण्याचे अंगण. खिडक्यांना काच नाही, लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत. ज्या माणसाची पत्रे तेथे ठेवली आहेत, त्याला शोभेल इतकेच बांधकाम. संग्रहालयात दहा मिनिटांत कंटाळणारी आत्या त्या अंगणाशी बसली, ती उठेचना.

कागदाला धूळ आणि दमट हवा सोसत नाही, हे मान्य. पण पितळेच्या हंड्याला कसली आली वातानुकूलनाची गरज?

आणि हे काही एकट्या साबरमतीचे नवल नाही. भोपाळचे भारत भवन (1982), तेही कोरियांचेच, तलावाकडे उतरणाऱ्या टेकडीत असे मुरवले आहे की आपण गच्चीवरून पायऱ्यापायऱ्यांनी खाली दालनांत जातो. डेन्मार्कच्या लुइझियाना संग्रहालयात (1958) शिल्पकार जाकोमेत्तीची काटकुळी शिल्पे तळ्याकडे उघडणाऱ्या मोठ्या खिडकीसमोर उभी आहेत. म्हणजे माझे भांडण काचेशी नाही. काचेपलीकडे काय आहे याचा विचारच न करण्याशी आहे. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यातील 18 क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, दारावरच्या कमानीतून उजेड आत येतो, हे कलादालन बांधणाऱ्यांनी एवढे तरी पाहून यायचे होते!

माझ्या यादीतील वास्तुविशारद मित्रांनो, रागावू नका. काच गिऱ्हाईकच मागते, हे मला कळते. पण पुढचे असे काम आले की त्या गिऱ्हाइकाला एकदा साबरमतीला नेऊन आत्या बसली होती तेथे बसवा, गाडीभाडे माझ्याकडून.