गुन्हा घडला आमच्यासोबत, केस सरकारची

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर कुणीतरी लोकसभेतल्या भाषणाचा व्हिडिओ टाकला. डिसेंबर २०२३ चा, तीन नवे फौजदारी कायदे पास झाले तेव्हाचा. दंड नाही आता न्याय, पीडित केंद्रस्थानी, वगैरे वगैरे. खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग. मी ग्रुपवर सहसा गप्प असते, पण आज डोकं फिरलं, कारण त्याच ग्रुपवर माझी मावशी आहे आणि तिनेही त्या व्हिडिओला अंगठा दिला होता. (बिचारी सगळ्यालाच देते.)

मावशीचं अर्ध्या लोकांना माहितीय, बाकीच्यांसाठी सांगते. कायदे बदलायच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी चालत घरी येत होती, बाइकवरच्या दोघांनी मंगळसूत्र ओढलं, ती पडली, गुडघा फुटला. पोलिसांनी पोरं पकडली, त्याबद्दल त्यांचं कौतुकच. पण मंगळसूत्र तोवर वितळवून झालेलं, सोनाराकडून जप्त झाली ती नुसती लगड. आणि त्यानंतर एकदम शांतता. आरोपपत्र दाखल झालं का, केस कुठल्या कोर्टात गेली, काही नाही. जामीन झाला हे तिला कसं कळलं माहितीय? भाजी घेत होती आणि समोर त्या दोघांतलाच एक उभा. त्याने ओळखलं तिला. हसला म्हणे.

मग कधीतरी साक्षीचं समन्स आलं. बाहेर बाकावर बसलीय, आरोपीचा वकील त्याच्या कानात काहीतरी सांगतोय, फाइल चाळतोय, आणि हिने तिथल्या एका माणसाला विचारलं, "साहेब, आमचा वकील कोण?" तो म्हणाला, "आजी, तुम्ही साक्षीदार. तुम्हाला वकील कशाला?"

वैताग हा की त्याचं काही फार चुकलंही नव्हतं. आपल्याकडे केस असते सरकार विरुद्ध आरोपी. ज्याची मान ओरबाडली तो या भांडणात पक्षकारच नाही. स्वतःचा वकील लावा हवं तर, पण तो सरकारी वकिलाच्या हाताखाली, तो सांगेल तसं करणार, आणि शेवटी कोर्टाने परवानगी दिली तर लेखी युक्तिवाद देणार. हे जुन्या कायद्यात (फौजदारी प्रक्रिया संहिता, म्हणजे सीआरपीसी) होतं आणि तुमच्या त्या नव्या कायद्यातही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) जसंच्या तसं आहे. २००३ मध्ये फौजदारी न्यायव्यवस्था सुधारायला सरकारनेच नेमलेल्या मलिमथ समितीने सांगून ठेवलं होतं की गंभीर गुन्ह्यांत पीडिताला पक्षकार करा. २०२३ ला सगळं नव्याने लिहायला बसलात तेव्हा ते वाचलं नाही का कुणी?

बरं, काही चांगलं आलंय, मान्य. झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवायची, ती कायद्यात आली. तपास कुठवर आला ते ९० दिवसांत पीडिताला कळवायचं, मोबाइलवरही चालेल. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर आधी पीडिताचं ऐकायचं. छान. पण पोलिसांनी ९० दिवसांत नाहीच कळवलं तर? कलमात पुढे काही नाही. कुणाला जाब नाही, दंड नाही. आणि आरोपपत्राची प्रत पीडितालाही मोफत मिळणार म्हणून जे कौतुक चाललंय ना, त्या कलमात कंसात एक छोटीशी अट आहे. पीडिताच्या बाजूने वकील असेल तर. म्हणजे वकील नसेल तर माझ्या मावशीला तिच्याच केसचा कागद नाही!

आता कुणीतरी कमेंटमध्ये येऊन सांगेल की विधी सेवा प्राधिकरण आहे, १९८७ चा कायदा आहे, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मिळतो ना. पण त्या बाकावर बसलेल्या बाईला हे सांगायचं कुणी? तिला तर 'वकील कशाला' असं उत्तर मिळालं.

जामिनाचंही तेच. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खिरीच्या केसमध्ये (आंदोलक शेतकऱ्यांवर गाडी घातल्याचा आरोप होता ती) सुप्रीम कोर्टाने आरोपीचा एप्रिल २०२२ मध्ये जामीन रद्द करताना स्पष्ट म्हटलं की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे. त्यानंतर दोन वर्षांच्या आत नवा कायदा आला, तरी जामिनाच्या वेळी पीडिताला ऐकाच असं सरसकट लिहिलं नाही, बलात्काराच्या ठराविक गुन्ह्यांपुरतंच ठेवलं. आणि लिहिता येत नाही असंही नाही हो, ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आलं, त्यात सुनावणी कधी आहे ते कळवायचं, जामिनाला ऐकायचं, सगळं आहे. अंमलबजावणीची बोंब तिथेही आहेच, पण निदान कागद दाखवून भांडता तरी येतं. तेच बाकीच्यांना द्यायला काय जात होतं?

हे विचारायला सभागृहात माणसं हवीत. त्या डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात गोंधळ घातला म्हणून दोन्ही सभागृहांचे मिळून विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित झाले होते. समोरचे बाक रिकामे आणि देशाचा फौजदारी कायदा बदलतोय. संसदेच्या स्थायी समितीत चर्चा झाली होती, मान्य. काहीजण बोलले, तेही मान्य. पण गोंधळ घालणाऱ्यांनीसुद्धा स्वतःला विचारावं की पीडितांच्या या कलमांवर बोलायला आपण आत असायला हवं होतं की नको.

आरोपीच्या हक्कांवर मी उठलेली नाहीये, उगाच तसं वाचू नका. आरोपी निर्दोष असू शकतो, त्याला वकील मिळालाच पाहिजे. आणि मावशी काही सूड घ्यायला निघालेली नाही, फाशी द्या बिशी म्हणणाऱ्यातली ती नाहीच. तिचं एवढंच होतं की तो बाहेर येणार असेल तर मला आधी सांगा, मी त्या रस्त्याने जाणार नाही. इतकं साधं मागणं, आणि मी तिला धड उत्तर देऊ शकले नाही म्हणून मला जास्त राग येतो.

लगड शेवटी मिळाली. सुपुर्दनाम्यावर, बाँड लिहून. विकायची नाही, मोडायची नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची. स्वतःच्याच सोन्याची राखण करतेय बाई, आणि केस अजून चालूच.

तिची केस जुनी, त्यामुळे नव्या कायद्याचा तिला तसाही फार उपयोग नाही. पण तुमच्यापैकी कुणी १ जुलै २०२४ नंतर एफआयआर केली असेल तर खरंच सांगा, ९० दिवसांत पोलिसांचा मेसेज आला का? नसेल आला तर ठाण्यात लेखी अर्ज द्या, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १९३(३) असं त्यात लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.