साक्ष कोणासमोर सांगावी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शेजाऱ्याशी झालेल्या समेटावर मी लिहिलेला लेख वाचून आपण कळवले आहे की, श्रद्धा ही घरात ठेवण्याची गोष्ट आहे, ती चारचौघांत सांगणे हा धर्मांतराचाच आडमार्ग आहे, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून साक्ष, म्हणजे ख्रिस्ताने आपल्या आयुष्यात काय केले याची हकीकत, ऐकवणारे लोक आपण स्वतः पाहिले आहेत. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो खरा आहे आणि तशा लोकांत मीही होतो.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात नातेवाइकाला भेटायला गेलो असताना शेजारच्या खाटेवरच्या वृद्ध गृहस्थांना मी माझी साक्ष सांगू लागलो. त्यांच्या हाताला सलाईन होते. प्रथम त्यांनी मान हलवली, मग चादर हनुवटीपर्यंत ओढून भिंतीकडे तोंड केले, तरी मी बोलतच राहिलो. परतताना दाभोळच्या फेरीबोटीत मला उमगले की, ज्याला उठून जाता येत नाही त्याला ऐकवलेली साक्ष ही बळजबरीच असते. दुसऱ्या दिवशी क्षमा मागायला गेलो, तेव्हा त्यांना घरी सोडलेले होते. तेव्हापासून आजाऱ्याने स्वतः विचारल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

आडमार्गाचा आरोप मात्र मला मान्य नाही. संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, आपल्या धर्माची तत्त्वे मांडण्याचा येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले. अनेक ख्रिस्ती बांधवांना हा निकाल खटकतो, परंतु साक्षीला याहून अधिक जागा लागत नाही, असे मला वाटते. साक्षीदाराने घडले ते सांगावे. निवाडा त्याच्या हाती नसतो. योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध माणूस परूश्यांशी, म्हणजे यहुदी धर्मपुढाऱ्यांशी, वाद घालताना एवढ्यावरच ठाम राहतो की, मी आंधळा होतो आणि आता मला दिसते.

साक्षीने घरे दुभंगतात, हेही आपण लिहिले आहे. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेले दुःख मराठी वाचकाला ठाऊक आहे, आणि पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या म्हणून ते दुःख पुसले जात नाही. विश्वासाची किंमत कधीकधी घरच्यांनाच मोजावी लागते, हे मी नाकारत नाही.

राहिला घरात ठेवण्याचा मुद्दा. आमच्या कलमांच्या बागेच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, शेजाऱ्यांशी माझा अकरा वर्षे अबोला होता. रोजच्या प्रार्थनेत ‘आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ असे म्हणताना एका सकाळी माझा आवाजच फुटेना, आणि त्याच दिवशी मी त्यांच्या पडवीत जाऊन, दोन हात जांभा आमच्या बाजूने पुढे सरकवला होता, हे कबूल केले. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, “आजच कशी काय बुद्धी झाली?” त्या प्रश्नाला ख्रिस्ताचे नाव न घेता मी कोणते खरे उत्तर देऊ शकलो असतो?

त्यांनी ऐकून घेतले. शिमग्यात ते आजही पालखीला खांदा देतात, आणि गडगा आम्ही दोघांनी मिळून जुन्या रेषेवर पुन्हा रचला आहे.