‘म्हणजे’ एकेचाळीस, ‘काय’ सोळा

‘म्हणजे’ एकेचाळीस वेळा. ‘काय’ सोळा वेळा. ‘हो की नाही’ नऊ वेळा. ‘अं’ फक्त दोनदा, त्याबद्दल अभिनंदन.

हा अहवाल माझ्या भाषणाचा आहे. तो भरसभेत, माईकवरून, माझ्या एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात घसरती शाल असताना वाचून दाखवण्यात आला. वाचणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा. परवाच्या रविवारची गोष्ट आहे. राग अजून उतरलेला नाही, तोवर लिहून घेते. उतरल्यावर कदाचित त्या पोराचं कौतुक वाटायला लागेल आणि सगळी मजा जाईल.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कॉलेजच्या मुलामुलींनी बोलण्याचा सराव करायला क्लब काढलाय. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेली, म्हणजे सगळी नोकरी बोलण्यातच गेलेली, तेव्हा प्रमुख पाहुणी म्हणून मला धरलं. (या वाक्यात एक ‘म्हणजे’ आलाय. हल्ली मला ते दिसतात.)

या क्लबांची रीत मूळची अमेरिकेतली. राल्फ स्मेडली नावाचे गृहस्थ वायएमसीएत येणाऱ्या तरुणांना सभेत बोलायची सवय लावायचे. त्यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता अ‍ॅना गावी टोस्टमास्टर्सचा पहिला क्लब काढला. आमचा क्लब काही त्यांचा अधिकृत नाही, पण मुलांनी तिथली कामं मात्र जशीच्या तशी उचललीत. एकजण वेळ मोजतो, एकजण व्याकरण बघतो, एकजण तुमच्या भाषणाचं मूल्यमापन करतो. आणि एकजण तुमचे अडखळे मोजतो. त्याला ‘आह काउंटर’ म्हणतात. हे कुणीही मला आधी सांगितलं नव्हतं.

वेळेचंही नव्हतं सांगितलं. पाच मिनिटं झाली की हिरवं कार्ड, सहाला पिवळं, सातला लाल. समोर बसलेली मुलगी कार्डं दाखवत होती, तेव्हा मला वाटलं स्वागताचा काही प्रकार असेल. साडेसात मिनिटांनंतर नियमाप्रमाणे सगळे टाळ्या वाजवून वक्त्याला खाली बसवतात. टाळ्या पडल्या. मी थांबले, नमस्कार केला आणि पुढचा मुद्दा घेतला. पुन्हा टाळ्या. इतक्या टाळ्या मला उभ्या नोकरीत मिळाल्या नव्हत्या, त्यामुळे मी ‘वाचन’ हा विषय संपवून ‘मनन’कडे वळले. शेवटी अध्यक्ष असलेल्या मुलीनं शालच खांद्यावर घातली, तेव्हा बसले.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आमच्या नाशकातही गोदाकाठी मे महिन्यात व्याख्यानमाला भरते. तिथं वक्ता रंगला की घड्याळाकडे बघतो तो फक्त आभार मानणारा. लाल कार्ड दाखवायची कुणाची छाती आहे? असो.

मूल्यमापन म्हणे सँडविच पद्धतीनं करायचं असतं. वर स्तुती, मधे टीका, खाली स्तुती. वरची स्तुती: “मॅमची साडी खूप छान होती.” मधला मजकूर बराच मोठा होता, तो देत नाही. खालची स्तुती: “आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.” माईक होता हो समोर!

आणि मग तो उठला. आह काउंटर. हातात चौकटीची वही, वहीत रकाने, रकान्यांत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. मतमोजणीला करतात तसं. वर दिलेले आकडे वाचले, “थँक यू” म्हणाला आणि शांतपणे जागेवर जाऊन बसला. चेहऱ्यावर खुन्नस नाही, हसू नाही, काही नाही. लायब्ररीतला रजिस्टर लिहिणारा माणूस जसा असतो तसा.

सभा संपली. समोसे यायचे होते. मी सरळ त्याच्याकडे गेले.

“काय रे, ‘हो की नाही’ हा प्रश्न आहे. तो अडखळा कसा?”

“मॅम, प्रश्न असता तर तुम्ही उत्तरासाठी थांबला असता.”

“वर्गात कुणी थांबतं का?”

“नाही मॅम. तेच.”

मी दुसरीकडून सुरुवात केली. “आणि ‘काय’ सोळा? मी खरेच प्रश्न विचारत होते.”

“खरे प्रश्न मी सोडले. पाच होते. ते धरले तर एकवीस होतात.” त्यानं वही माझ्यासमोर धरली. खरोखरच एका कोपऱ्यात ‘प्रामाणिक काय – ५’ असं लिहिलेलं होतं.

“आणि हे ‘इतर – ७’ काय आहे?”

“खोकला तीन. पदर सारखा करणं चार.”

“पदर हा शब्द आहे का?”

“नाही मॅम, पण पदराच्या वेळी तुम्ही दर वेळेस ‘तर’ म्हणालात. ‘तर’ कुठे टाकू कळेना, म्हणून इतर.”

आता यावर काय बोलणार? मी म्हटलं, अरे बाळा, माणूस बोलताना विचार करतो, विचार करायला क्षणभर जागा लागते, त्या जागेत ‘म्हणजे’ येतो. कीर्तनकार अशा वेळी टाळकऱ्यांकडे बघतात. पुढारी पाणी पितात. आम्ही शिक्षक ‘म्हणजे’ म्हणतो. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मॅम, त्या जागेत गप्प राहिलं तर चालत नाही का?”

खरं सांगायचं तर बरोबर होतं त्याचं. पण बरोबर असण्याचीही एक वेळ असते, आणि प्रमुख पाहुणी उपाशी असताना ती नसते.

हॉलमध्ये मोठं बॅनर होतं, समर्थांचं: ‘सभेमध्ये लाजो नये’. त्याच ओवीत पुढं लगेच ‘बाष्कळपणे बोलो नये’ असंही आहे. तो चरण बॅनरवर बसला नाही म्हणे. जागा कमी पडली. छापणाऱ्यानं प्रायोजक क्लासचा लोगो मात्र व्यवस्थित बसवला होता. त्या क्लासच्या मालकांनी मला व्हिजिटिंग कार्ड दिलं: सुट्टीत पंधरा दिवसांत सभाधीटपणा, फीमध्ये बॅग आणि टी-शर्ट.

आपल्याकडे मुलांना बोलायला शिकवत नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. दर १ ऑगस्टला शाळाशाळांतून भाषणांचा पाऊस पडतो. लोकमान्य गेले १ ऑगस्ट १९२० ला आणि अण्णा भाऊ साठे जन्मले तेही १ ऑगस्ट १९२० ला, त्यामुळे एकाच भाषणात दोघांना बसवायची सोय होते. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो.’ भाषण बाईंनी लिहिलेलं, पाठ आईनं करून घेतलेलं, हातवारे शेजारच्या दादानं बसवलेले. मुलाचा स्वतःचा म्हणाल तर घाम तेवढा. मधेच अडला की त्याला पुढचं आठवत नाही, तो पुन्हा ‘अध्यक्ष महाशय’पासून गाडी सुरू करतो. आणि सगळ्यांच्या भाषणात एक गोष्ट असतेच: मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. मास्तरांना तोंडावर उत्तर देणाऱ्या मुलाची ही गोष्ट आपण पोरांकडून घोकून घेतो. त्यातल्या एखाद्यानं खरंच त्याच दिवशी बाईंना म्हणून बघावं, मी कागद टाकले नाहीत, मी उचलणार नाही. डायरीत शेरा आणि पालकांना बोलावणं! अण्णा भाऊ तर जेमतेम दीड दिवस शाळेत गेले असं सांगतात आणि पुढं शाहिरीनं मैदानं गाजवली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावायला माझ्यासारख्या शिक्षिकेला भीती वाटते.

घरीही तेच. मोठ्यांत बोलू नकोस. पाहुण्यांसमोर तोंड उघडू नकोस. तुला काय कळतंय त्यातलं. रिक्षावाल्याशी आपण बोलायचं, वाण्याकडे आपण मागायचं. डॉक्टरांनी एकोणीस वर्षांच्या घोड्याला विचारलं, “काय होतंय?” तर आई सांगणार, “त्याच्या ना पोटात दुखतंय.” वीस वर्षं हे असं चालतं. मग एक दिवस कॉलेजात कंपनी येते, पोराला ग्रुप डिस्कशनला बसवते, आणि तो गप्प बसला की हेच आईबाप म्हणतात, “हुशार आहे हो, पण बोलतच नाही.” कसा बोलेल? त्यात ‘कम्युनिकेशन’ या नावाखाली कंपनीला बहुतेक वेळा फक्त इंग्रजी हवं असतं, ते वेगळंच.

परवाचंच घ्या. दोन मिनिटांच्या ऐनवेळच्या भाषणात निफाडकडची एक मुलगी उभी राहिली. द्राक्षबागायतदाराची. चिठ्ठी निघाली: ‘माय रोल मॉडेल’. ती इंग्रजीत दोन वाक्यं बोलली, थांबली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, “सॉरी” म्हणाली आणि बसली. परीक्षकांच्या कागदावर सगळ्यांत कमी गुण तिला. आह काउंटरनं मात्र ‘शून्य’ म्हणून तिचं जाहीर अभिनंदन केलं, कारण अडखळायला ती मुळात बोललीच नव्हती.

पुढं मी जरा मोकळी हवा घ्यायला जिन्यात गेले, तर ही पायरीवर बसून फोनवर व्यापाऱ्याशी बोलत होती. वडील बहुधा बागेत असावेत. “नाही काका, तसं नाही चालणार. साखर अठराच्या वर आहे, तुमच्या माणसानंच मीटर लावला काल. मणी बारीक कुठं आहेत, तुम्ही कडेच्या ओळीतला घड बघितला, मधल्या बघा ना. आणि मागच्या सालचे राहिलेत ते आधी टाका, मग गाडी लावा... नाही, चेक नको काका... अहो, तुम्ही रागावू नका, मी काही चढ्या आवाजात बोलले का?” नव्हतीच बोलली. मुद्दा सोडला नाही, आवाज वाढवला नाही, समोरच्याला घालूनपाडून बोलली नाही आणि दर सांगून झाल्यावर गप्प बसली. पलीकडच्याला बोलायला लावणारं ते गप्प बसणं असतं ना, तसं. शेवटी “ठीक आहे काका, या मग उद्या” म्हणून फोन ठेवला. मला बघून एकदम लाजली. “मॅम, आज माझं अजिबात चांगलं झालं नाही ना?”

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही, पण त्यात ‘म्हणजे’ असणारच. तिला सहाची एसटी गाठायची होती, ती पळाली.

तर मी आह काउंटरशी वाद घालत होते तिथं परत येते. मधेच टेबलावरचा फोन वाजायला लागला. समोसेवाला. अध्यक्षीणबाई, कार्डवाली, व्याकरणवाला, सँडविचवाली, आह काउंटर, सगळे त्या फोनकडे बघत राहिले. जणू टेबलावर विंचू आलाय.

“उचला की रे!”

“मॅम, लोकेशन पाठवलंय त्याला,” अध्यक्षीणबाई म्हणाली. “मेसेज पण केलाय.”

फोन बंद झाला. पुन्हा वाजला. व्याकरणवाल्यानं तो सँडविचवालीकडे सरकवला, तिनं आह काउंटरकडे. त्यानं मघाच्याच निर्विकार चेहऱ्यानं तो माझ्यापुढे धरला. “मॅम, तुम्ही बोलता का?”

बोलले. “हॅलो, हां दादा, तुम्ही आत्ता कुठं आहात, म्हणजे पाण्याची टाकी लागली का? नाही, ती नाही, ती जुनी, म्हणजे नवी तिच्या मागं आहे. पिठाची गिरणी दिसते का, आज बंद असेल, रविवार ना, तर तिच्या बाजूनं आत या, काय, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला...” तीन मिनिटांत दादा दारात हजर. कुणी कार्ड दाखवलं नाही.

“हे मी मोजलं नाही,” आह काउंटर म्हणाला. “मीटिंग संपली होती.” मला वाटतं ही माफी होती. किंवा नियम असेल.

पिशवी उघडली तर समोसे गरम होते, पण चटणी नव्हतीच. बिलावर होती, पिशवीत नव्हती. दादा तर गेले होते. “दुकानात फोन करा,” मी म्हटलं, “पैसे घेतलेत त्यांनी.” सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलू शकणारी एकटी एव्हाना निफाडच्या वाटेवर होती. मी या वेळी मुद्दाम फोनला हात लावला नाही, बघू या म्हटलं. अध्यक्षीणबाईंनी एक समोसा उचलला, मग व्याकरणवाल्यानं, मग सगळ्यांनीच. उत्तम वक्ते होते सगळे. कोरडेच खाल्ले.