पेटीत साचलेलं वाटीभर पाणी : गिरगावातल्या वायरमनकाकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलं नाही, 'गिरगावातला वायरमन, ३२ वर्षं' एवढीच सही केलीत. ३२ वर्षं काम म्हणजे वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा मोठे, म्हणून काका म्हणते. उत्तर प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं टाकते आहे.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मे महिन्यात मी लिहिलं होतं की बाहेरचे वायरींचे जोड टेप आणि पिशवीच्या भरवशावर सोडू नका, पावसाआधी बंद पेटीत घ्या, पेटीवर आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून किती बचाव, त्याचा आकडा) लिहिलंय का बघा आणि सगळ्या फटी सिलिकॉनने भरा. काकांच्या चाळीच्या कमिटीने ते मनावर घेतलं. त्यावर काका लिहितात : "ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. अंगणातल्या दिव्यांचा आणि पाण्याच्या मोटरचा जोड पेटीत घेतला. गच्चीवरून पंचवीस मिलिमीटरची वायरीची पाइप उतरवून पेटीच्या डोक्यात घातली, सिलिकॉन मारलं, झाकण आवळलं. जुलैत उघडली तर आत वाटीभर पाणी. गॅस्केट (झाकणाची रबरी पट्टी) नवंकोरं. त्याआधी आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखी पडायची, मोटर बंद, लोकांची बोंबाबोंब, म्हणून ती काढून डायरेक्ट केलं. आमचा जुना जोड टेप मारून, वर उलटी पिशवी बांधून १५ वर्षं चालला. पेट्या विकणाऱ्यांचं भलं झालं, बाकी काही नाही."

बाकी सगळं सावकाश वाचा, पण आधी ती आरसीसीबी परत लावा. आजच. तुमच्या प्रतिक्रियेतलं ते एक वाक्य वाचल्यापासून मला चैन नाही.

आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांचा मेळ घालते. ३० मिलिअँपिअरची असेल तर तेवढी तफावत दिसताच तोडते, म्हणजे तेवढा करंट भलत्याच वाटेने जमिनीत चाललाय. तुमच्या पेटीत पाणी होतं, त्याच पेटीत अर्थिंगची पट्टीही असणार. फेजच्या टर्मिनलवरून पाण्यातून अर्थिंगकडे करंट जायला लागला आणि ती पडली. ती खराब नव्हती. पेटीत पाणी शिरलंय हे तुम्ही झाकण उघडायच्या कितीतरी आधी ती सांगत होती.

आता ती नाही, म्हणजे मागे फक्त एमसीबी, लोड फार वाढला किंवा शॉर्ट झालं तरच पडणारी. ओल्या अंगाचा रोध साधारण हजार ओहम धरतात. २३० व्होल्टला त्यातून पाव अँपिअरच्या आसपास करंट जातो. तेवढ्याने माणूस मरतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही, तिच्या लेखी एक बल्ब जास्त लागला इतकंच. पेटी प्लास्टिकची आहे हे खरं, पण तिच्यातून निघालेली वायर लोखंडी मोटरला जाते आणि त्या मोटरचा पाइप सगळ्या चाळीच्या नळांना. पाइपला करंट उतरला म्हणजे काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको, ३२ वर्षांत तुम्ही ते पाहिलं असेल.

मोटर सारखी बंद पडते ही लोकांची तक्रार खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. दिव्यांना वेगळी आरसीसीबी, मोटरला वेगळी. मग अंगणातल्या एखाद्या होल्डरमध्ये पाणी गेलं तर दिवे जातील, पाणी चढायचं थांबणार नाही. खर्च थोडा वाढेल, पण ती काढून टाकायचा मोह कुणाला होणार नाही. महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाबायचं काम चाळीतल्या एखाद्या मुलावर सोपवा.

आता वाटीभर पाण्याबद्दल. ती चूक बऱ्याच अंशी माझी आहे. मी 'सगळ्या फटी भरा' असं लिहिलं, पेटीत वायर कुठून घ्यायची हे लिहिलंच नाही. मी अंधेरीला पॅनल बनवायच्या कारखान्यात काम करते. तिथे बाहेर बसणाऱ्या पेटीत केबल खालूनच येते, हे इतकं अंगवळणी पडलंय की लिहावं असं वाटलंच नाही. लिहायला हवं होतं.

तुमच्या पेटीत पाणी झाकणातून आलं नाही, म्हणून गॅस्केट नवंकोरं दिसलं. माझ्या मते ते गच्चीवरून त्या पंचवीसच्या पाइपातून आलं. वरचं तोंड उघडं असेल तर झडीचं पाणी सरळ आत, आणि तोंड बंद असलं तरी पाइपात दमट हवा असतेच, ती रात्री गार होते, आतल्या बाजूने घाम धरते आणि थेंबथेंब खाली येते. पाइप जिथे संपते तिथे पेटी. पेटीला खाली भोक नाही, गॅस्केट उत्तम, सिलिकॉन सगळीकडून. आलेलं पाणी जाणार कुठे? ज्या मेहनतीने तुम्ही पाऊस बाहेर ठेवला त्याच मेहनतीने ते पाणी आत कोंडलं गेलं.

पाइप न घेता नुसती केबल वरून आणली असती तरी धोका टळला नसता. केबलच्या वरच्या टोकाला, समजा दिव्याच्या होल्डरपाशी, पाणी लागलं की ते बाहेरच्या आवरणाच्या आतून, तारांच्या मधल्या बारीक जागेतून खाली उतरतं, वात तेल ओढते तसं. मी एकदा चार मीटर खालच्या पेटीत केबलच्या कापलेल्या टोकातून थेंब गळताना पाहिलाय. बाहेरून केबल कोरडी ठणठणीत होती.

मग ६५ चा अर्थ काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या रागामागे तो प्रश्न आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ अजिबात आत नाही. पाच म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोंडातून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा फवारा अडीच ते तीन मीटरवरून सगळ्या बाजूंनी मारला तरी बाधेल इतकं पाणी आत जात नाही. ही चाचणी काही मिनिटांची. पाणी आणि पेटी यांच्या तापमानात पाच अंशांपेक्षा जास्त फरक नसावा, असंही त्या चाचणीच्या नियमात आहे.

आपल्याकडे काय होतं बघा. जूनमध्ये सकाळभर ऊन, भिंतीवरची पेटी आतून पन्नास अंशांपर्यंत तापते. दुपारी आभाळ भरून येतं आणि धो धो पाऊस. पेटी थोड्याच वेळात अठ्ठावीसला. आतली हवा आकसते, आणि पेटी खरोखर हवाबंद असेल तर आतला दाब जवळजवळ सात टक्क्यांनी उतरतो. सात टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण ती ओढ सत्तर सेंटिमीटर उंच पाण्याच्या वजनाएवढी असते. त्याच वेळी बाहेरून गॅस्केटवर पाण्याचा थर वाहत असतो. केसाएवढी फट असली तरी पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की आतली हवा फुगून बाहेर जाते, पाणी मात्र तिथेच. चार महिने हेच चालतं. म्हणून 'सगळ्या फटी भरा' हा माझा सल्लाच चुकीचा होता. पेटीला श्वास लागतो. बाजारात ब्रीदर प्लग मिळतो, त्यातली पातळ जाळी हवा जाऊ देते, पाण्याचा थेंब नाही. तो पेटीच्या खालच्या बाजूला बसवायचा. तो मिळाला नाही आणि पेटी छपराखाली असेल, तर तळाला चार मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि आत बारीक जाळी लावा, नाहीतर मुंग्या आणि किडे घर करतात. भोक पाडल्यावर ती पेटी ६५ ची राहत नाही हेही सांगते. आडोशाला ते चालतं, उघड्या भिंतीवर ब्रीदरच हवा.

सिलिकॉनबद्दलही मी घाईत लिहिलं. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते तांब्याला खातं, ते जोडाच्या जवळपास नको. न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्या, आणि तेही फक्त पेटी भिंतीला जिथे टेकते तिथे, वर आणि दोन्ही बाजूंना. खालची बाजू उघडी सोडा, म्हणजे मागे शिरलेलं पाणी निथळून जाईल. वायरीच्या भोकात सिलिकॉन हा इलाज नाही, तिथे ग्लँडच लागतो, म्हणजे केबल आवळून धरणारं आट्यांचं बूच. ग्लँडच्या आतली रबरी कडी गोल केबलला सगळीकडून धरते. एका ग्लँडमधून तीन सुट्या वायरी ओढल्या की त्यांच्या मधली जागा उघडी राहते, कितीही आवळा. पीजी ९ मापाच्या ग्लँडमध्ये साधारण चार ते आठ मिलिमीटरची केबल बसते, म्हणून आधी केबल मोजायची, मग ग्लँड घ्यायचा. आणि पेटी भिंतीला ठोकताना कोपऱ्यातल्या, गॅस्केटच्या बाहेरच्या भोकांतूनच स्क्रू मारायचे. पाठीला मधोमध ड्रिल मारलेल्या पेट्या मी इतक्या पाहिल्यात! झाकणापाशी एवढी काळजी आणि पाठीत दोन भोकं.

तुमच्या पेटीचं आता असं करता येईल. वरचं भोक प्लगने बंद. गच्चीवरची पाइप पेटीच्या बाजूने खाली, पेटीच्या तळापेक्षा वीतभर खाली न्या आणि तिथेच संपवा. तिथून केबल बाहेर काढून तिला पोट द्या, म्हणजे खाली लोंबता झोल ठेवा, आणि खालून वर ग्लँडमध्ये घ्या. केबलवरून ओघळलेलं पाणी त्या पोटाच्या तळाला येऊन पागोळीसारखं गळून जाईल, पेटीकडे चढणार नाही. आत कनेक्टरची पट्टी तळापासून दोन बोटं उंच बसवा.

आता तुमच्या जुन्या जोडाबद्दल. उलटी पिशवी १५ वर्षं का टिकली, ते तुमच्याच शब्दात आहे : तोंड खाली होतं. पाणी आलं तरी निघून जायचं, हवा खेळती होती. ही समज अगदी बरोबर आहे आणि माझ्या मे महिन्याच्या लेखात ती नव्हती. पण टेपच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही. पीव्हीसी टेप करंट अडवते, पाणी नाही. मागच्या वर्षी आमच्या विक्रोळीच्या बिल्डिंगमध्ये मी असाच एक जोड उघडला. टेपचा गोंद मेच्या उन्हात पातळ होऊन काळ्या चिकट धाग्यांसारखा बोटांना लागत होता. टेप अलगद सुटली, उलगडावी लागलीच नाही. खाली पिळलेल्या तारांवर हिरवी पूड, काही तारा चिमटीत धरताच तुटल्या. उरलेल्या तारांवरून मोटरचा सगळा करंट जात होता, शेजारचं इन्सुलेशन तापून तपकिरी झालं होतं. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) पाव मेगओहमसुद्धा दाखवला नाही, जिथे किमान एक तरी हवा. मोटर मात्र रोज चालत होती. बाहेरून बघणारा म्हणाला असता, काय वाईट आहे? चालतंय की!

समुद्राच्या एवढ्या जवळ हवेतच मीठ असतं, गिरगावात तर विचारायलाच नको. मीठ आणि ओल एकत्र आली की टेपवरूनसुद्धा करंट सरपटतो. एखाद्या ठिकाणी पेटी लावणं शक्यच नसेल तर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप घ्या, ती ताणून, अर्धी अर्धी चढवत गुंडाळायची, तिच्यावर पीव्हीसी टेप उन्हापासून राखायला. ताणली नाही तर ती एकजीव होत नाही.

पेटी असली की लोकांना वाटतं आता सुरक्षित, हा तुमचा सूर मला पूर्ण मान्य आहे. ६५ ची पेटी फवाऱ्यासाठी आहे, बुडण्यासाठी नाही. एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून बघतात ती ६७ ची. मोटर खड्ड्यात असेल तर मी ६७ च्या नादाला लागण्यापेक्षा पेटी वर न्या असं म्हणेन. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी तुमच्या अंगणात पाणी कुठवर चढलं होतं हे चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांना नक्की आठवत असेल. पेटी त्या खुणेच्या वर हवी.

मूळ लेख मी दुरुस्त केलाय, आणि काय चुकलं होतं ते वर लिहिलंय.

काका, गणपतीला फार दिवस नाहीत. अंगणात मांडव पडेल, माळा लागतील, पाऊस असेलच, आणि पोरं अनवाणी त्या ओल्या फरशीवरून पळतील. मांडवाची वायर मोटरच्या पेटीतून घेऊ नका, तिला स्वतःची आरसीसीबी द्या. माझ्याकडे मेगर आहे. येत्या रविवारी सकाळी पाऊस असो नसो, मी यायला तयार आहे. मेन तुम्हीच बंद करा, पेटी उघडा, आणि ती पाइप मला बघू द्या.