नॅचरल २० आला म्हणून राजा गादी सोडत नाही

परत तोच फॉरवर्ड फिरतोय, डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलवर फासे टाकून खेळायच्या भूमिकांच्या खेळात पर्सुएजनला (समोरच्याचं मन वळवायच्या फाशाला) नॅचरल २० पडला, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर थेट २० आला, की समोरच्याला ऐकावंच लागतं, डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) नाही म्हणता येत नाही वगैरे. नाही हो, असा नियम नाहीये. नियमांच्या पाचव्या एडिशनमध्ये २० म्हणजे हमखास यश हे फक्त अटॅक रोलला, म्हणजे हल्ला लागला का ते ठरवणाऱ्या फाशाला, लागू होतं (आणि पात्र मरताना जीव वाचवायला टाकायच्या फाशाला, म्हणजे सेव्हला, २० आला तर १ हिट पॉइंट, म्हणजे जेमतेम जीव, घेऊन उठता, तो वेगळा विषय). पर्सुएजनसारख्या स्किल चेकला (कौशल्याच्या फाशाला) २० म्हणजे २० अधिक तुमचा बोनस, बास. २०२२ च्या प्लेटेस्टमध्ये (नव्या नियमांच्या चाचणीत) हे बदलून बघितलेलं, पण २०२४ च्या नियमपुस्तकात ते आलं नाही. गोंधळ बहुतेक बाल्डर्स गेट ३ मुळे आहे, तिथे २० खरंच चालतो, पण तो कॉम्प्युटर गेम आहे, टेबलवरचा नाही.

आणि २०१४ च्या डीएम गाईडमध्ये तर स्पष्ट आहे, समोरचा शत्रुत्वाने वागत असेल आणि तुमची बेरीज २० झाली तरी तो मदत करतो ती स्वतःला काही धोका किंवा नुकसान नसेल तेवढीच, म्हणजे राजाकडे गादी मागितली तर तो फारतर हसेल आणि तुम्हाला तुरुंगात टाकणार नाही. मुळात जे होणारच नाही त्याला रोलच मागायचा नसतो, तिथे डीएमनेच फासा हातात दिला असेल तर चूक त्याची. नाहीतर विसातून एकदा प्रत्येक भिकारी राजा होईल की राव.