हेगचे न्यायाधीश तुमच्या लॉ कॉलेजात येताहेत? मग एवढं कराच

पहिली गोष्ट, साहेब नेमके कुठल्या कोर्टाचे हे शोधायच्या भानगडीत पडू नका. नेदरलँड्सच्या हेगमध्ये एक आयसीजे म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे, 15 न्यायाधीशांचं, तिथे देश एकमेकांवर केस टाकतात, आणि दुसरं आयसीसी (क्रिकेटवालं नव्हे, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय), तिथे माणसांवर खटले चालतात आणि भारत त्याचा मेंबरच नाही. पण हे फ्लेक्सवाल्याला समजावत कोण बसणार! 'जागतिक सर्वोच्च न्यायालयाचे मा. न्यायमूर्ती' छापून मोकळे व्हा, फक्त संस्थाध्यक्षांचा फोटो साहेबांपेक्षा मोठा आलाय ना ते बघा.

त्या दिवशीचं इंटरनॅशनल लॉचं लेक्चर अर्थातच रद्द, हॉल भरायचाय ना. फर्स्ट इयरच्या पोरांना अटेंडन्सची भीती घालून दोन तास आधीच आणून बसवा. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, आणि संस्था पत्र्याच्या शेडमध्ये कशी सुरू झाली यावर सगळ्या ट्रस्टींची भाषणं. साहेबांना शेवटी दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ, नऊ वर्षांची टर्म असते त्यांची, येतील की परत.

खरा धोका प्रश्नोत्तरांत आहे, त्यामुळे प्रश्न आदल्या दिवशीच वाटून टाका. 'सर, तुमच्या यशाचं रहस्य काय' हा टॉपर मुलीला द्या. पाकिस्तानने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांची आयसीजेतली केस मात्र कुणी तरी काढणारच, काढू द्या, आपण 15 विरुद्ध 1 ने जिंकलो, आपले वकील हरीश साळवेंनी फी फक्त एक रुपया घेतली, टाळ्या, आणि लगेच माईक पुढे. कारण मागच्या बाकावर एखादं निकालपत्र वाचलेलं कार्टं असतंच. ते उठून सांगेल की जुलै 2019 च्या त्या निकालात सुटकेची मागणी मान्य झालीच नव्हती, कॉन्सुलर ॲक्सेस द्या, म्हणजे भारताच्या दूतावासातल्या अधिकाऱ्यांना भेटू द्या, आणि शिक्षेचा फेरविचार करा एवढंच कोर्ट म्हणालं. वर हेही विचारेल की 1999 मध्ये आपण पाकिस्तानचं विमान पाडलं आणि ते त्याच कोर्टात गेले, तेव्हा कॉमनवेल्थ देशांच्या भांडणात तुम्हाला अधिकारच नाही असं आपणच सांगितलं होतं ना, आणि 2000 साली कोर्टाने ते मान्यही केलं ना? म्हणजे कोर्ट आपल्याला हवं तेव्हाच कोर्ट का? (प्रश्न चांगलाय, म्हणूनच नको.)

तरी माईक त्याच्याकडे गेलाच तर पुढचा प्रश्न ठरलेला, निकाराग्वा. 1986 मध्ये या देशाने टाकलेली केस अमेरिका हरली, निकाल मानला नाही, आणि अंमलबजावणीसाठी प्रकरण सुरक्षा परिषदेत गेलं तर तिथे स्वतःच व्हेटो टाकला, मग सर, तुमचा निकाल न मानणाऱ्याचं कोण काय करतं?

इथे साहेब चष्मा काढतील, पाणी पितील, पुढे सरकून मनापासून उत्तर द्यायला लागतील. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांना मजा येत असेल. नेमक्या त्याच क्षणी आभारप्रदर्शन सुरू करा, मंडपवाल्यापासून.