बाकी तिथं बघू

आज दुपारी जेवण झाल्यावर मोबाइल हातात घेतला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय.

आमच्या सोसायटीतल्या बायकांचा एक ग्रुप आहे. अकरा जणी पुढच्या वर्षी आठवडाभर लंडनला जायचं म्हणतायत. मी जाणार नाहीये, पण जाऊन आलेय म्हणून सल्ल्याला मला त्यात घेतलंय. दुपारी एकीनं लिहिलं, ‘प्रत्येकी दोन लाख धरून चला, बाकी तिथं बघू.’ खाली नऊ अंगठे. पाच मिनिटांनी अकरातली सगळ्यात धाकटी, बालवाडीत शिकवते ती, ग्रुपमधून बाहेर पडली. एक शब्द न लिहिता. आणि त्यावर एक मेसेज आला, ‘बरं झालं, आता दहा जणी म्हणजे खोल्या पण बरोबर बसतात.’

बरं झालं?

मी तिथं काही लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पुसता आलं नसतं. म्हणून इथं लिहितेय.

‘बाकी तिथं बघू’ हे मी स्वतः बोललेलं वाक्य आहे. 2025च्या सप्टेंबरमध्ये आम्ही कॉलेजच्या आठ मैत्रिणी लंडनला गेलो. तीन वर्षं भिशी लावली होती, प्रत्येकी महिन्याला पाच हजार. छत्तीस महिन्यांचे एक लाख ऐंशी हजार झाले. हिशोब माझ्याकडे होता. विमान, व्हिसा, राहणं, सगळं मी नीट मांडलं आणि सगळ्यात खाली लिहिलं : वरखर्च ज्याचा त्याचा. किती, ते लिहिलं नाही. आपापसात काय एवढं, असं वाटलं.

आमच्यातली एक आक्का आहे. वर्षभरानं मोठी, म्हणून आक्का. (तिला विचारून लिहितेय. ‘लिही, पण माझा फोटो टाकू नको’ म्हणाली.) आक्का घरी सहा शिलाई मशीन टाकून शाळेच्या गणवेशाचं जॉबवर्क करते. आपल्या सोलापुरात गणवेश म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. एप्रिल ते जून तिच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. भिशीचा एक हप्ता तिनं कधी चुकवला नाही. म्हणून मी धरून चालले की तिला जमतंय.

चौथ्या दिवशी आम्ही थेम्सच्या काठी, त्या मोठ्या चक्राखाली, लंडन आयच्या रांगेजवळ उभ्या होतो. तिकीट तिशीच्या घरात, पौंडांत. पौंड तेव्हा 118च्या पुढे होता, म्हणजे एकेकीचे साडेतीन हजार. आक्का म्हणाली, ‘मला उंचीची भीती वाटते गं, तुम्ही जाऊन या. पर्सा द्या इकडं.’ आम्ही सात जणींनी सात पर्सा तिच्या मांडीवर ठेवल्या आणि गेलो. वरून मी तिला शोधत होते. बाकावर एक निळी साडी दिसत होती, दोन्ही हात पर्सांवर. मी फोटोसुद्धा काढला तिचा वरून.

त्या फोटोनं मला आज बसू दिलेलं नाही.

आता हिशोबाचं बोलते, कारण ग्रुपमध्ये कुणी बोलत नाहीये. लंडन महाग आहेच, पण ते कुठं महाग आहे हे आधी कळलं तर निम्मी भीती जाते. व्हिसाची फी आम्ही प्रत्येकी 127 पौंड भरली, म्हणजे पंधरा हजार. ग्रुप आहे म्हणून एक पैसा कमी होत नाही, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. पुण्याला बोटांचे ठसे द्यायला जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. हे पैसे विमानात बसायच्या आधीच गेलेले असतात. हीथ्रो विमानतळावरून शहरात यायला तेव्हा पंचवीस पौंडांची गाडी होती आणि पिकॅडिली लाइनची साधी मेट्रो सहा पौंडांच्या आत. वेळ जास्त लागतो, पण उतरता त्याच शहरात.

आणि वार बघा, वार! तिथं कार्ड टॅप करून फिरलं की दिवसाला ठरावीक रकमेच्या वर पैसे कापत नाहीत. मधल्या भागासाठी, झोन 1-2 साठी, तेव्हा 8.90 पौंड होते. आठवड्याचीही तशीच मर्यादा, 44.70 पौंड. पण तो आठवडा सोमवार ते रविवार धरतात. आम्ही बुधवारी उतरलो. पाच दिवसांचे साडेचव्वेचाळीस पौंड गेले आणि सोमवारी परत पहिल्यापासून सुरू. रोज मर्यादेपर्यंत फिरलं तर माणशी साडेसतरा पौंड जास्त, म्हणजे दोन हजार. आठ जणींचे सोळा हजार, फक्त वार चुकला म्हणून. कार्ड प्रत्येकीचं वेगळं लागतं, एकावर दोघी जाता येत नाही. आपल्या बँका परदेशी व्यवहाराचा आकार वर लावतात, तो प्रत्येकीनं आपापल्या बँकेत विचारून घ्या. टूरवाल्याकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, आधीच घेतात. रिटर्न भरल्यावर तो परत मागता येतो, पण जिचे पैसे मोजून आणलेले असतात तिला ते त्या आठवड्यातच लागत असतात ना?

हे सगळं मला आज तोंडपाठ आहे. तेव्हा मी फक्त बेरीज करत होते.

आक्का तिथं सगळं शर्टात मोजायची. आम्हाला वाटायचं तिचा तो खेळ आहे. शाळेच्या एका शर्टाच्या शिलाईला तिला पन्नासच्या आसपास सुटतात. बसचं तिकीट तेव्हा 1.75 पौंड, तर ‘चार शर्ट’. त्या पावणेदोन पौंडांत तासाभरात हव्या तितक्या बस बदलता यायच्या, हे तिनंच आधी शोधलं. ट्रॅफल्गर चौकाजवळून 15 नंबरची दुमजली बस सेंट पॉल्सवरून टॉवरपर्यंत जाते. वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडून आक्का अशी बसली होती, जशी आपली गड्ड्याच्या यात्रेतल्या पाळण्यात पहिल्यांदा बसलेली पोर. चार शर्टांत अख्खं लंडन. तेव्हा मी हसले होते. प्रेमानंच हसले होते, तरी हसले होते.

सगळ्यात वाईट ती संध्याकाळ. एका नावाजलेल्या ठिकाणी जेवायला गेलो, नाव नको. आक्कानं एक सूप घेतलं. बाकी आम्ही काय काय मागवलं आठवत नाही. बिल आलं, त्यात साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं. ते ऐच्छिक असतं, नको म्हटलं तर काढतात, पण आम्हाला कुठं माहीत! मी मोबाइल काढला आणि आठनं भागलं. मी. माझ्या या हातानं. आक्कानं पाकिटातून नोटा मोजून दिल्या, दोनदा मोजल्या, आणि ‘बरोबर आहे का गं?’ एवढंच विचारलं.

बरोबर होतं. भागाकार बरोबर होता.

मला माहितीये, खाली कुणीतरी लिहिणार : मग सगळ्यांनी जन्मभर पैसे साठवून जायचं आणि एकीला परवडत नाही म्हणून बाकीच्यांनी काहीच बघायचं नाही का? बघा की. ज्यांनी साठवलेत त्यांनाही हौस आहे, ती मोडावी असं माझं म्हणणं नाही. पण सात जणी वर गेलो तेव्हा सगळ्यांबरोबर तिकीट काढून आत जायला आणि एकटीनं बाहेर बसायला किती वेगवेगळी ताकद लागते, याचा विचार करा. सामायिक खर्च सगळ्यात लहान पाकिटाच्या मापानं ठरवा : राहणं, फिरणं, दोन वेळचं जेवण. उरलेल्या हौशीच्या वेळी दोन गट करा, आणि फुकटातल्या गटात कायम दोघी-तिघी असतील हे बघा. कुणी एकटी बाकावर बसणार नाही. एवढं अवघड आहे हे?

आणि फुकटात काही कमी नाहीये. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, ते कपड्यांचं आणि कलाकुसरीचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, कशाला तिकीट नाही, एखादं खास प्रदर्शन सोडलं तर. उंचावरूनच बघायचंय तर स्काय गार्डन आहे, आधी नोंदणी करायची, पैसा लागत नाही. आम्ही नोंदणी केलीच नव्हती. तीन वर्षं भिशी लावली, तीन मिनिटं नोंदणीला दिली नाहीत.

सहाव्या दिवशी कुठं जायचं ते आक्कानं ठरवलं. सोलापुरातून निघाल्यापासून तिनं एकच मागितलं होतं, बाबासाहेबांचं घर. 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये ते तिथं राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर घेतलं. आत ती फार बोलली नाही. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होती. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्या माणसानं याच शहरात, अर्धपोटी राहून लिहिला. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘त्यांनी कशात मोजलं असेल गं?’

तिथून चालत गेलं की प्रिमरोज हिल आहे. टेकडीच म्हणायची, पण वरून सगळं शहर दिसतं, ते मोठं चक्रसुद्धा. आक्का आमच्या आधी वर पोचली. तिनं पिशवीतून कडक भाकरी काढल्या, शेंगाचटणीची पुडी सोडली, भाकरी गुडघ्यावर मोडली आणि आठ जणींना वाटली. (पेढे नेता आले नव्हते. दुधाचं काही तिकडं चालत नाही, चटणीला हरकत नाही.) वारा होता, चटणी उडत होती, आणि सात दिवसांतलं माझं सगळ्यात चांगलं जेवण ते होतं. त्या जेवणाला कुणी आठनं भागलं नाही.

तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं नोव्हेंबरमध्ये. माझी मुलगी मैत्रिणींबरोबर विजापूरला जाऊन आली आणि गोलघुमटाचे फोटो दाखवत होती. आणि मला आमची कॉलेजची सहल आठवली. त्या अरुंद पायऱ्या चढून सगळ्यात आधी वरच्या सज्जात कोण पोचलं होतं? आक्का. कठड्यावरून वाकून पलीकडच्या बाजूला आमच्या एकेकीची नावं कोण घेत होतं, आणि ती नावं घुमत घुमत परत येत होती? आक्का.

उंचीची भीती!

मी तशीच तिच्या घरी गेले. ती मशीनवर होती. मी विचारलं. तिनं मान वर केली नाही. शिवण संपवली, दातानं दोरा तोडला, शर्ट उलटा करून बाही बघितली आणि म्हणाली, ‘सत्तर शर्टांची शिलाई होती गं ती.’

मग म्हणाली, ‘चहा टाकते, बस की.’

तेव्हापासून मी ठरवलंय, पैशाचं आधी बोलायचं. आणि तोंडानं नाही बोलायचं, कारण तोंडानं कुणी खरं सांगत नाही. सांगणार कसं? आपण एकमेकींच्या साड्यांचे भाव ओळखतो. भिशीला चिठ्ठ्या टाकतो ना, तशाच टाकायच्या. नाव न लिहिता, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत एकूण किती खर्चू शकते तो आकडा. सगळ्यात लहान आकडा मोठ्यानं वाचायचा आणि सहल त्यात बसवायची. नाही बसलं तर सहा दिवस करा, जवळचं शहर बघा, नाहीतर आणखी वर्षभर भिशी चालवा. लंडन जागेवरच असणार आहे. मोठा आकडा लिहिणाऱ्यांना थोडं खटकेल, मान्य. खटकू दे.

त्या धाकटीला मघाशी फोन केला. ‘काकू, मुलाची परीक्षा आहे हो,’ म्हणाली. मुलगा दुसरीत आहे. मी काही बोलले नाही. उद्या घरी ये एवढंच म्हटलं. ‘बघते काकू’ म्हणाली. तिचा आवाज ऐकल्यावर मगाचचा राग जरा उतरलाय, खरं सांगते. दुपारी अंगठे देणाऱ्या नऊ जणी काही वाईट नाहीत. मी तरी कुठं वाईट होते?

ग्रुपमधल्या सगळ्यांनी उद्या संध्याकाळी सातला माझ्याकडे यायचंय. आक्काही येणार आहे, सध्या काम कमी आहे म्हणाली. स्टीलचा डबा पुसून ठेवलाय. चिठ्ठ्या एकाच मापाच्या, पेनं एकाच रंगाची. अकरा कापल्यात.